कडक मंगळ

आमच्या एका मित्राला मंगळ आहे. पत्रिकेत नव्हे, कपाटात. आणि एक नव्हे, तीन.

खुलासा करतो. १९९० साली पॉल व्हर्होव्हनचा ‘टोटल रिकॉल’ आला. त्यात अर्नॉल्ड श्वार्झनेगर मंगळावर जातो आणि वाटेत येईल त्याला आडवा करतो. या धुमश्चक्रीमागे जेरी गोल्डस्मिथचं संगीत घुमत असतं. त्याची सीडी त्याच वर्षी निघाली, साधारण ४० मिनिटांची. २००० साली तेच संगीत पुन्हा आलं, तेव्हा ७० मिनिटांच्या वर गेलं होतं. २०१५ मध्ये, चित्रपटाच्या पंचविशीला, स्पेनच्या क्वार्टेट रेकॉर्ड्सने दोन सीडींचा संच काढला. चित्रपट मात्र होता तेवढाच राहिला. मित्राकडे तिन्ही आहेत. फिलिप के. डिकच्या १९६६ च्या ज्या कथेवरून हा चित्रपट बेतला, तिच्यात एक कंपनी न केलेल्या प्रवासाच्या आठवणी विकते. आमचा मित्र त्याच्याही पुढचा. तो केलेल्याच प्रवासाचं तिकीट पुन्हा पुन्हा काढतो.

संगीत फर्मास आहे, हे आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचं कोणी वाचायचं नाही. व्हायोलिनं, ब्रास, ढणाढणा वाजणारे ढोल, आणि त्यांच्यात घुसलेला सिंथेसायझर. गोल्डस्मिथ सिंथला वाद्यवृंदातला आणखी एक विभाग मानायचा; जसे तंतुवाद्यांचे लोक, फुंकवाद्यांचे लोक, तसे हे बटणवाले. त्यामुळे सिंथ इथे वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखा लागत नाही, फोडणीतच पडलेला असतो. आणि लिहिलंय इतकं अवघड की म्युनिकमध्ये सुरू केलेलं ध्वनिमुद्रण तिथल्या वादकांना झेपेना. शेवटी सगळं बाड लंडनला हलवलं आणि नॅशनल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने ते वाजवलं. एवढं करून ऑस्करचं नामांकनसुद्धा नाही. त्या वर्षीच्या पाच नामांकनांत ‘होम अलोन’ होता. हा विषय चाहत्यांसमोर काढू नये. घरातल्या गेलेल्या माणसाचा विषय काढल्यासारखं होतं.

तर अशा संगीताची नवी आवृत्ती येणार म्हटल्यावर चाहते आनंदाने नाचतील, असं तुम्हाआम्हाला वाटतं. नाचतातही. चहा निवेपर्यंत. मग पहिला विचारतो, मास्टरिंग कोणी केलं? दुसऱ्याला सीडीची कड खटकते, कारण तिच्यावरचा टाइप शेजारच्या सीडीशी जुळत नाही आणि कपाट आता वाकडं दिसणार. तिसरा स्टॉपवॉच घेऊन बसतो आणि पाठलागाच्या तुकड्यात चार सेकंद कमी भरल्याचं जाहीर करतो. ती चार सेकंदं शांततेची होती, असं कोणी दाखवून दिलं तर म्हणतो, ‘हो, पण ती गोल्डस्मिथची शांतता होती.’ एका गटाच्या मते मूळची ४० मिनिटंच खरी, बाकी सगळं पाणी घातलेलं वरण. हेच लोक गेली दहा वर्षं ‘उरलेलं संगीत कोणी दाबून ठेवलंय’ म्हणून गळा काढत होते. सुरुवातीच्या ठोक्यांवरून तर भाऊबंदकीच आहे. ते ठोके बेसिल पोलेडोरिसच्या १९८२ च्या ‘कोनन द बार्बेरियन’वरून आले की नाही, या वादात मित्राने एका जुन्या सोबत्याशी बोलणं टाकलंय. दोन्ही चित्रपटांत नायक अर्नॉल्डच, तेव्हा मामला घरातल्या घरात मिटायला हरकत नव्हती.

सगळ्यांत पेटतात ते सिंथवरून. सिंथ पुढे आलाय, सिंथ मागे गेलाय, सिंथने शिंगांचा आवाज खाल्ला, सिंथ नसता तर हे संगीत अजरामर झालं असतं. यात आपल्याला हसायला तोंड नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दाराबाहेर काढलं आणि थेट १९७१ मध्ये उंबऱ्याच्या आत घेतलं. मधली तीस वर्षं पेटी काही गप्प बसली नव्हती, नाटकात आणि भजनात ती वाजतच होती. पण बंदीच्या बाजूने बोलणारे लोक श्रुतींचे हिशेब ज्या आवेशाने मांडत, तोच आवेश मी मित्राच्या चेहऱ्यावर पाहिलाय.

परवाच्या रविवारी त्याच्याकडे ठाण्याला गेलो होतो. त्याने मला दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसवलं, खुर्ची टाचेने दोन बोटं मागे सरकवली आणि बोलायचं नाही म्हणून बजावलं. २०१५ च्या खोक्यातली सीडी लागली. ठोके सुरू झाले. डोळे मिटून तो म्हणाला, ‘आता ऐक. इथे सिंथ मागून येतो. कसा लख्ख आलाय! जुन्या सीडीत माठात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा.’ मी मान डोलावली. मला खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी तेवढी वेगळी ओळखू आली. वहिनी पोहे घेऊन आल्या, तर याने ट्रॅफिक हवालदारासारखा हात वर केला. बशा स्टुलावर राहिल्या.

तुकडा संपला. त्याने सीडी बाहेर काढली आणि तशीच हातात धरून उभा राहिला. तिच्यावर १९९० छापलं होतं.

‘दिवाळीत चिंटूने सगळ्या काढून गाड्यांची चाकं केली होती ना,’ वहिनी म्हणाल्या, ‘मीच भरल्या परत. जी खोकी उघडी दिसली त्यांत.’

म्हणजे गेले सहा महिने हा ज्या नव्या मास्टरिंगची आरती करत होता, ती पस्तीस वर्षांपूर्वीची सीडी होती. मला वाटलं, आता तरी हसेल. तो खोकी चाळत राहिला. २०१५ ची खरी सीडी त्याला २००० च्या खोक्यात सापडली. ती लावली, पुन्हा डोळे मिटले, आणि पाचव्या ठोक्याला कपाळाला आठी पडली.

‘बघ,’ तो म्हणाला, ‘मला संशय होताच. यात सिंथ फार पुढे आणलाय. वाट लावली.’

वहिनींनी काही न बोलता गार झालेल्या बशा आत नेल्या आणि पोहे गरम करून आणले. त्याने एक घास घेतला, जरा चावला.

‘मघाचे जास्त चांगले होते,’ म्हणाला. मघाच्या बशीला त्याने हातही लावला नव्हता.