नो सूनरचा हुकूम

बारावीच्या इंग्रजी पेपरात एक वाक्य बिचारे सरळ उभे असते: घंटा झाली आणि मुले पळाली. त्याला ‘नो सूनर’ लावा, असा हुकूम सुटतो. लगेच ‘डिड’ कर्त्याला ओलांडून पुढे घुसते, ‘रँग’चे ‘रिंग’ होते आणि मधोमध ‘दॅन’ येऊन बसते. ‘सूनर’ हे तुलनेचे रूप, म्हणून ‘दॅन’. ‘हार्डली’ला मात्र ‘व्हेन’. जोड्यांची अदलाबदल झाली की गुण गेला. (खुद्द इंग्रज मंडळी ‘हार्डली’नंतर ‘दॅन’ बिनदिक्कत ठोकून देतात, पण ती कुठे बोर्डाला बसतात!) एवढे सगळे पाठ झालेल्या मुलाला बँकेत इंग्रजीत फॉर्म मागायला सांगा. ‘सर, फॉर्म’ एवढ्यावर काम भागते, आणि त्यात उलटवायला क्रियापदच नसते.