चौकटीच्या पायाशी

आमच्या हॉलमधली मोझॅकची लादी चाळीस वर्षांची. तिच्यावर मांडी घालून मी पाढे पाठ केले, पुढे माझ्या मुलीनेही केले. शेवटी घरात बहुमताने ठरलं: जुनी न फोडता तिच्यावरच नवी व्हिट्रिफाइड टाइल बसवायची.

दोन बाय दोनच्या टाइल्स दुपारपर्यंत भराभर पसरल्या. मी खुशीत विचारलं, "मिस्त्री, आता काय राहिलं?"

"दारं राहिलीत काका."

"म्हणजे झालंच की!"

लग्नघरात 'आता फक्त मानपानच राहिलाय' म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

खोलीच्या मधोमध कुणीही हुशार असतो. चौकटीपाशी मात्र खाचा, पट्ट्या, रंगाचे थर आणि चार दशकांचा बाक एकदम सामोरे येतात. मिस्त्रींनी रद्दीतली एक जाड लग्नपत्रिका मागितली, चौकटीला टेकवून तिचा साचा कापला आणि तो टाइलवर ठेवून पेन्सिल फिरवली. कुणाचा तरी शुभविवाह आमच्या बेडरूमच्या दाराशी असा कामी आला.

पहिली टाइल कापताना आतल्या कोपऱ्यातूनच तडकली. दुसरीच्या वेळी त्यांनी त्या कोपऱ्यात आधी बारीक भोक पाडलं आणि दोन्ही बाजूंनी कापत त्या भोकापाशी येऊन थांबले. "काटकोनात ताण साठतो. गोलात तो वाटला जातो," म्हणाले. चिरा का पडतात हे मला पन्नाशीत एका भोकाने शिकवलं.

पुढच्या दाराला त्यांनी टाइलला हातच लावला नाही. टाइलचा एक तुकडा घेतला, खाली चिकटवायच्या मसाल्याच्या जाडीचा पुठ्ठा ठेवला, त्यावर करवत आडवी टेकवली आणि चौकटीचा पायच तेवढा कापला. वडिलांनी हौसेने करून घेतलेली सागवानी चौकट! माझ्या पोटात गोळा आला. पण पेटीखाली सतरंजी सरकावी तशी टाइल अलगद आत गेली. ना फट, ना व्हाइट सिमेंटचं लिंपण. जणू लाकूडच तिच्यावर उभं केलं होतं.

रात्री कौतुकाने दार लावायला गेलो, तर ते अर्ध्यात अडलं. टाइल नऊ मिलिमीटर, मसाला सहा. जमीन 15 मिलिमीटरने वर आली होती आणि हे दाराला कुणी कळवलंच नव्हतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं!

दुसऱ्या दिवशी सुतार आला, दारं बिजागऱ्यांतून उतरवून खालून कापली, कडेवर रंधा मारला. भुसा नव्या फरशीवर पडला आणि घर पुन्हा झाडावं लागलं.

तेव्हा तुमच्याकडे फरशीवर फरशी घालायची असेल, तर टाइल निवडण्याआधी दाराखालची फट मोजा. आणि घरातली एखादी जाड लग्नपत्रिका रद्दीत देऊ नका.