अक्षता जपून

आमच्याकडे लग्नात एक हाक ठरलेली असते. मंगलाष्टकांच्या आधी गुरुजी माइकवरून पुकारतात, ‘मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं.’ मला एकुलती एक भाची. त्यामुळे या हाकेची मी सत्तावीस वर्षं वाट पाहिली होती. शेवटी हाक आली ती व्हॉट्सॲपवर, हाँगकाँगहून. ‘मामा, मार्चमध्ये या. पासपोर्ट विसरू नका. तुम्ही साक्षीदार आहात.’

साक्षीदार हा शब्द तोवर मी फक्त जमिनीच्या दाव्यांत ऐकला होता.

भाची हाँगकाँगला नोकरी करते. होणारा जावई त्रिशूरचा, तोही तिथंच. लग्न साताऱ्याला की त्रिशूरला, यावर दोन्ही घरांत सहा महिने बोलणी चालली आणि दोन्हीकडच्या याद्या चारशेच्या पुढे गेल्या. तेव्हा पोरांनी मधला मार्ग काढला. मधला म्हणजे, नकाशावर बराच उजवीकडचा.

तिथला कायदा या बाबतीत दिलदार आहे. वधूवर कुठल्याही देशाचे असोत, तिथं राहणारे असोत वा नसोत, लग्न लागतं. आधी नोटीस द्यायची, ती निदान पंधरा दिवस लागलेली राहते, कुणाची हरकत असेल तर त्यानं पुढं यावं. पंचाहत्तर लाख वस्तीच्या त्या शहरात एकाही माणसानं हरकत घेतली नाही. साताऱ्यात तेवढ्या अवधीत माझ्या ताईच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, दोन नणंदांनी घेतली, पण ती ऐकून घ्यायला इथं खिडकी नव्हती.

खर्च म्हणाल तर नोटिशीचे 305 डॉलर आणि कचेरीच्या वेळेत लग्न लावण्याचे 715. एकूण 1,020 हाँगकाँग डॉलर, म्हणजे तेव्हाचे आपले अकरा हजारांच्या आसपास. एवढ्यात आमच्याकडे वरपक्षाचे फेटेसुद्धा बांधून होत नाहीत. कचेरीच्या वेळेबाहेर मात्र तेच लग्न लावायला 715 ऐवजी 1,935 पडतात. ताईला गोरज मुहूर्त हवा होता. भाचीनं तिला आकडा ऐकवला. ताईनं गुरुजींना फोन केला, गुरुजींनी पंचांग पुन्हा उघडलं आणि सकाळी सव्वाअकराचा मुहूर्त अत्युत्तम निघाला. आम्हा नवराबायकोच्या विमानभाड्यात अशी कितीतरी लग्नं लागली असती, हा हिशेब मी मनातच ठेवला.

विवाहकचेरी हाँगकाँग पार्क नावाच्या बागेत आहे. पूर्वी तिथं ब्रिटिश फौजेची छावणी होती. तहाची जागा म्हणून वाईट नाही. शेजारच्या रस्त्याचं नाव कॉटन ट्री ड्राइव्ह. हा कॉटन ट्री कोण, म्हणून वर पाहिलं तर आपली काटेसावर! पान एक नाही, फांद्यांवर नुसते लाल पेले. परक्या गावी अचानक गाववाला भेटावा तसं झालं. मार्चची दमट हवा, डोंगरावर धुकं, भिंतींनाही घाम सुटलेला. त्या सगळ्यात ओळखीचं म्हणाल तर तेवढं एक झाड.

वऱ्हाड सहा जणांचं. वधू, वर, मी, ही, सिंगापूरहून आलेली वराची चुलतबहीण आणि भाचीची हाँगकाँगची एक मैत्रीण. छोट्या लग्नात माणसं कमी होतात, कामं कमी होत नाहीत. मी एकाच वेळी मामा, साक्षीदार, गुरुजी आणि फोन उभा धरणारा इसम होतो. फोनमध्ये साताऱ्याहून ताई होती. तिथं पावणेनऊ वाजले होते आणि ती पैठणी नेसून ओट्यासमोर बसली होती. रुसवेफुगवे मात्र अजिबात झाले नाहीत. रुसायचं तर समजूत काढणारं माणूस मोकळं लागतं, आणि इथं प्रत्येकाचे दोन्ही हात अडकलेले.

विधी पंधरा-वीस मिनिटांचा. अधिकारीबाईंनी सांगितलं की हे बंधन स्वखुशीचं आहे, जन्मभराचं आहे आणि यात तिसऱ्याला जागा नाही. सात जन्मांचा उल्लेख नव्हता. सरकारी काम, एका जन्मापलीकडची हमी कोण देणार! दार उघडंच होतं आणि पुढच्या जोडप्याचा घोळका आत डोकावत होता. मी दार लोटायला उठलो, तर भाचीनं डोळ्यांनी दटावलं. नंतर कळलं की कायद्यातच तसं लिहिलंय. लग्न उघड्या दारानं आणि निदान दोन साक्षीदारांसमोर लागलं पाहिजे. तेव्हापासून मला आपल्या मंडपाबद्दल नवा आदर वाटतो. त्याला दारच नसतं.

सह्या झाल्या. आता अक्षता. त्या ही साताऱ्याहून कुंकू लावून घेऊन आली होती. बागेत काटेसावरीपाशी आम्ही पुडी सोडली आणि भाची किंचाळली, ‘मामी, थांबा!’ तिथं कचरा टाकण्याला जागच्या जागी दंड आहे, तीन हजार डॉलर. लग्न हजाराचं आणि अक्षता तीन हजारांच्या! आम्ही मुठी मिटून उभे राहिलो.

तोड हिनंच काढली. अंतरपाट आणलेला होताच. एरवी तो दोघांच्या मध्ये उभा धरतात. हिनं आणि सिंगापूरच्या बहिणीनं तो झोळीसारखा आडवा धरला, वधूवरांनी त्यावर माना झुकवल्या आणि मी मंगलाष्टकं सुरू केली. समर्थ रामदास ‘सावधान’ ऐकून मंडपातून निसटले म्हणतात. मला त्या शब्दाचा खरा अर्थ त्या दिवशी कळला, कारण मी तो म्हणत असताना समोरून बागेचा रखवालदार येत होता. आम्ही चिमटी चिमटीनं, एकेक दाणा जोखत अक्षता टाकल्या. एवढ्या लक्षपूर्वक टाकलेल्या अक्षता मी दुसऱ्या कुठल्या लग्नात पाहिल्या नाहीत. एरवी आपण मागच्या रांगेतून गप्पा मारता मारता पुढच्याच्या टकलावर भिरकावतो.

तेवढ्यात माझ्याच टकलावर थप्पकन काहीतरी आदळलं. सावरीचं फूल. चांगलं वजनदार असतं ते. झाडाला दंड नाही. जवळच एक म्हातारी पडलेली फुलं वेचत होती. ती हसली, माझं फूल उचलून तिनं पिशवीत टाकलं. ही फुलं वाळवून काढ्यात घालतात म्हणे.

वरात ट्रामच्या वरच्या मजल्यावरून निघाली. 1904 पासूनची ही ट्राम तेव्हा माणशी तीन डॉलर घ्यायची, तेही उतरताना, आणि घोड्याहून फार वेगानं जात नाही. मैत्रिणीनं भाचीच्या हातात लाल पाकीट ठेवलं. त्यांच्यात चारचा आकडा मृत्यूसारखा ऐकू येतो म्हणून टाळतात आणि आठावर भारी माया. मी माझं पाचशे एकचं पाकीट काढून वरचा एक रुपया कशासाठी ते समजावलं. तिला ते लगेच पटलं. बोटीनं पलीकडे जाऊन चुंगकिंग मॅन्शन्समधल्या एका खाणावळीत जेवलो. जिलबी नव्हती, त्यामुळे ती गार असल्याची तक्रारही नव्हती.

साताऱ्याला परतल्यावर अंतरपाटाची गाठ तशीच ताईच्या हातात दिली. तिनं ती सोडली. कुंकवाचा रंग कापडाला लागला होता. त्या दिवशी फोनवर तिनं सगळं पाहिलं होतं, फक्त तिचा हात पोचला नव्हता. तिनं मला लग्नाचा व्हिडिओ लावायला सांगितला. दोघांनी माना झुकवल्याबरोबर तिनं मूठ भरली आणि फोनवर, माझ्यावर, सोफ्यावर, सगळ्या खोलीभर अक्षता उधळल्या.

केरसुणी कोपऱ्यात उभी होती. संध्याकाळपर्यंत तिला कुणी हात लावला नाही.