मोठेपणाचा जमाखर्च

ऑस्टिन शहरातील कॅपिटॉल, म्हणजे टेक्सास राज्याचे विधानभवन, १८८२ ते १८८८ या काळात बांधले गेले. जुनी इमारत ९ नोव्हेंबर १८८१ रोजी जळाली. शेगडीचे धुराडे जोडताना झालेली चूक त्याला कारणीभूत ठरली. नवी इमारत भव्य हवी, यावर सर्वांचे एकमत होते. पैसा नाही, यावरही होते. जमीन मात्र अमाप होती आणि १८७६ च्या राज्यघटनेने त्यातली ३० लाख एकर याच कामासाठी राखून ठेवली होती. ती घेऊन शिकागोच्या भांडवलदारांनी इमारत बांधून दिली. त्या जमिनीवर पुढे ‘एक्सआयटी’ हे गुरांचे प्रचंड कुरण उभे राहिले. भरभराटीच्या काळात तिथे दीड लाख गुरे होती. अशा रीतीने एकाच सौद्यात आमदारांची आणि गुरांची सोय झाली. दोहोंपैकी कोणाला आवरणे सोपे गेले, याची नोंद नाही.

जमिनीनंतर प्रश्न आला दगडाचा. जवळपासचा चुनखडी दगड स्वस्त होता, पण त्यात लोह असल्याने त्यावर गंजाचे डाग पडू लागले. तेव्हा बर्नेट परगण्यातील खाणमालकांनी गुलाबी ग्रॅनाइट फुकट देऊ केला. फुकट दगड आणायला अर्थातच रेल्वेमार्ग टाकावा लागला. खाणीत कैदी राबवण्यात आले, त्यामुळे पाथरवटांच्या संघटनेने कामावर बहिष्कार टाकला. मग कंत्राटदाराने स्कॉटलंडमधून साठेक पाथरवट आणले. परदेशी मजूर करारावर आणण्यास बंदी घालणारा कायदा १८८५ सालीच झाला होता, म्हणून त्याला दंड झाला. कायदे करण्याची जागा कायदा मोडून बांधली गेली, ती अशी.

आराखडा इलायजा मायर्स यांचा. मिशिगन आणि कोलोरॅडोची विधानभवनेही त्यांचीच. टेक्सासने मात्र काम अर्ध्यावर असताना, १८८६ मध्ये, त्यांना घरी बसवले. मे १८८८ मध्ये थाटामाटात उद्घाटनाचा सोहळा झाला. पाऊस आला आणि छत गळले. ते दुरुस्त झाल्यावरच, म्हणजे डिसेंबरात, राज्याने इमारत रीतसर ताब्यात घेतली.

उंचीत ही वास्तू वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय कॅपिटॉलपेक्षा सुमारे १४ फूट सरस आहे. मार्गदर्शक हे सांगायला विसरत नाहीत. घुमटावर स्वातंत्र्यदेवतेचा जवळपास १६ फुटी पुतळा आहे. खालून दिसावे म्हणून तिचे नाकडोळे मुद्दाम ठसठशीत घडवले होते. परिणामी देवी जवळून पाहण्यासारखी नाही. मूळचा जस्ती पुतळा १९८५ मध्ये उतरवला आणि १९८६ मध्ये त्याची अॅल्युमिनियमची प्रतिकृती चढवायचे ठरले. टेक्सासच्या नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरला ते साधले नाही. शेवटी मिसिसिपीच्या हेलिकॉप्टरने ते काम केले. मार्गदर्शकाला हे विचारावे लागते.

प्रवेश विनामूल्य आहे. आत आल्यावर आपण कोणत्या राज्यात आहोत, हे विसरण्याची मुभा नाही. बिजागऱ्यांवर ‘टेक्सास कॅपिटॉल’ कोरलेले आहे आणि एकेक बिजागरी साडेतीन किलोहून जड आहे. सभागृहातील तारकाकृती झुंबरांचे दिवेदेखील राज्याचे नाव लिहितात. रोमन लिपीत ते पाच अक्षरी आणि तारा पाच टोकांचा, हा योग कोणी वाया जाऊ दिलेला नाही. घुमटाखालच्या जमिनीवर टेक्सासवर सत्ता गाजवलेल्या सहा राष्ट्रांच्या मुद्रा आहेत: स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सास प्रजासत्ताक, गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटलेला राज्यसंघ आणि अमेरिका. भोवतालच्या भिंतींवर प्रजासत्ताकाचे अध्यक्ष आणि राज्याचे गव्हर्नर यांची चित्रे टांगली आहेत. नव्या गव्हर्नरचे चित्र आले की बाकीची सगळी एकेक जागा मागे सरकतात. पद गेले तरी बदली सुटत नाही.

१९८३ मध्ये इमारतीत पुन्हा आग लागली आणि त्यानंतर मोठा जीर्णोद्धार झाला. जागाही अपुरी पडत होती. पण शेजारी नवी इमारत उठवली असती, तर जुनीचे दर्शन झाकले गेले असते. म्हणून १९९३ मध्ये उत्तर बाजूला चार मजली विस्तार पूर्ण झाला, तो थेट जमिनीच्या पोटात. हिरवळीवर फिरणाऱ्याला त्याची कल्पनाही येत नाही. टेक्सासने एवढे मोठे काही केले आणि ते झाकून ठेवले, असे दुसरे उदाहरण निदान या आवारात तरी नाही.