ढकलशास्त्र

‘नापास’ या शब्दाची आपल्या सरकारला भारी लाज. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत हा शब्द शाळेतून हद्दपार झाला. तारखेवर जाऊ नका, हेतू खरोखरच चांगला होता. नापास झालेलं पोर शाळा सोडतं आणि मुलगी असेल तर तिच्यासाठी स्थळं बघायला लागतात. म्हणून कुणाला मागे ठेवू नका, वर्षभर लक्ष ठेवा, अडेल तिथे हात द्या, असं ठरलं. यातलं ‘मागे ठेवू नका’ सोपं होतं, ते लगेच अमलात आलं. ‘हात द्या’चं रूपांतर रजिस्टरात झालं.

त्या रजिस्टरात ‘वर्णनात्मक नोंदी’ करायच्या असतात. प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या. गुरुजी तरी किती वर्णन करणार? मग तयार नोंदींच्या पुस्तिका दुकानात आल्या, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. बीड जिल्ह्यातल्या आमच्या एका शिक्षक मित्राने एकदा एका पोराची नोंद दाखवली : ‘निसर्गाची आवड आहे. श्रमाचे महत्त्व जाणतो.’ हे पोरगं दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर ऊसतोडीला जातं, ते गुढीपाडव्याच्या सुमारास गावात उगवतं. मधले महिने फडात, पाचटाच्या खोपीत. पहाटेच्या थंडीत वाढं गोळा करायचं, मोळ्या बांधायला हात लावायचा. निसर्गाची आवड असणारच की! छापील नोंद इतकी तंतोतंत जुळल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण.

असं करत पोरं आठवीपर्यंत पोचली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की यातल्या बऱ्याच जणांना नीट वाचताच येत नाही. झाली ओरड. सगळ्यांचं एकमत झालं की दोष परीक्षा नसण्याचा आहे. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलून राज्यांना मुभा दिली, २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम केला : पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा. नापास झाला तर जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा. तीही गेली तर मुक्काम त्याच वर्गात.

म्हणजे पोरगं आधी पुढे ढकलत होते, आता मागे ढकलणार. ढकलायची सवय काही सुटली नाही.

आणि परीक्षा कडक केली की पुढे काय होतं, तेही आपण पाहिलंय. २०१९ मध्ये दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे वीस अंतर्गत गुण काढून टाकले. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला. हाहाकार माजला. वीस गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के! एका वर्षात अठरा टक्के हुशारी वाढवणारं दुसरं राज्य दाखवा. पुढच्या वर्षी तर कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. यावरून बोध घ्यायचाच तर परीक्षा हाच निकालाच्या वाटेतला मोठा अडथळा आहे, असा निघतो. तो कुणी घेतला नाही, हे मंडळाचं मोठेपण.

काही शाळांनी मात्र आपली सोय कधीच लावून ठेवली होती. आठवीपर्यंत नापास करता येत नव्हतं, दहावीला शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लावायचा होता, मग मधे उरली नववी. कच्चं पोर तिथेच गाळायचं, नाहीतर ‘बाहेरून परीक्षा दे, सतरा नंबरचा फॉर्म भर’ म्हणून बाहेरचा रस्ता दाखवायचा. फ्लेक्सवर गुणवंतांचे फोटो असतात. गाळलेल्यांचे लावायचे तर फ्लेक्स पुरणार नाही.

वेळापत्रकाची तर गंमतच. २०२५ मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालवल्या आणि निकाल नेहमीसारखा १ मेला. मधल्या पाच दिवसांत पेपर तपासा, गुणपत्रकं भरा, कोण कच्चा ते ठरवा. वर्षभर जे कळलं नाही ते पाच दिवसांत कळवायचं. याला म्हणतात मूल्यमापन.

बरं, आमचं ते फडावरचं पोरगं यात कुठे बसतं? ते गावी येतं एप्रिलच्या तोंडावर, म्हणजे थेट परीक्षेला. आणि शाळेत शिकायला मोकळं होतं मे महिन्यात, तेव्हा शाळेला कुलूप. खरं तर नियमातलं ते ‘जादा मार्गदर्शन’ त्याच्यासाठीच हवं होतं. पण ते कुणी द्यायचं, कधी, कोणत्या पैशांत, हे विचारलं की वरपासून खालपर्यंत सगळे ‘निरंक’. मित्राला विचारलं, “मग करता काय?” तो म्हणाला, “घेतलं म्हणून लिहितो. घेतलं नाही असं कळवलं तर खुलासा द्यावा लागतो.”

जूनमध्ये फेरपरीक्षा होईल. पोरगं पास होईल किंवा बसेल त्याच बाकावर, दिवाळीपर्यंत. इतक्या वर्षांत परीक्षा कधी बंद झाली, कधी सुरू झाली, पण त्याला नेमकं काय येतं हे कुणालाच सांगता आलं नाही. सांगता येतं फक्त ऊसतोडीच्या मुकादमाला. नवरा-बायकोचा एक कोयता धरतात, एकट्याचा अर्धा. यंदा उचल द्यायला आला तेव्हा त्याने पोराला खालीवर न्याहाळलं, दंड चाचपला आणि तिथल्या तिथे श्रेणी देऊन टाकली : “पुढच्या साली हा अर्धा कोयता.”