वाफेचा सरंजाम

सिगारेट हे मुळात आळशी माणसाचं व्यसन आहे. आपल्याकडची जुनी व्यसनं अशी नव्हती. पान खाणाऱ्याला डबा लागायचा, डब्यात अडकित्ता, कात, लवंग, चुन्याची डबी. तंबाखू मळणाऱ्याला चंची आणि दोन मोकळे हात लागायचे. चिलीम ओढणाऱ्याला विस्तव, छापी आणि पुढचा झुरका मारायला शेजारी बसलेला एक सोबती. तलफ आल्यापासून ती भागेपर्यंत पाच-दहा मिनिटांचं काम असायचं आणि त्या कामात माणूस रमायचा. सिगारेटने ते काम काढून घेतलं. पाकीट, काडी, झुरका, संपलं. माझं म्हणणं असं, की व्यसनातून सरंजाम वजा केला की माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं आणि पहिली संधी मिळताच तो सरंजाम परत आणतो. पुरावा म्हणून मी अमेरिका-इंग्लंडातल्या त्या मंडळींकडे बोट दाखवतो, जी सिगारेट सुटावी म्हणून ई-सिगारेटकडे वळली आणि आता हातात चिमटा, समोर मीटर आणि तोंडी ओहमचा नियम घेऊन बसलेली असतात.

हॉन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने 2003 साली आजच्या ई-सिगारेटला जन्म दिला, तेव्हा तिचा मोठा गुण हाच होता की काही करावं लागत नाही. ओढलं की वाफ. हा गुण हौशी लोकांना सहन झाला नाही. त्यांनी द्रवाची टाकी काढून टाकली, तो द्रव तापवणारी तयार कॉइल काढून टाकली आणि मागे उरली ती एक धातूची वाटी. तिला ते ‘ड्रिपर’ म्हणतात. वाटीत स्क्रूचे दोन-तीन खांब, खांबांत स्वतः वळलेली तार, तारेतून ओवलेला कापूस आणि कापसावर वरून सोडायचे द्रवाचे थेंब. चार-सहा झुरके झाले की पुन्हा थेंब. अभिषेकपात्राची सोय असलेल्या देशातून पाहिलं तर हे फार मागासलेलं वाटतं, कारण इथे पात्राच्या जागी माणूस स्वतः टांगलेला असतो. तार वळण्याची रीत अशी : 24 गेजची, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीची कँथल या मिश्रधातूची तार घ्यायची, 3 मिलिमीटरच्या दांडीवर तिचे सात वेढे द्यायचे, अशा दोन जुळ्या कॉइली करायच्या आणि त्यांचे पाय खांबांत आवळायचे. मग बटण क्षणभर दाबून सोडायचं आणि बघायचं. कॉइल मधून लाल होत कडांकडे गेली पाहिजे. एखादा वेढा आधीच पेटला, तर चिनी मातीच्या टोकांच्या चिमट्याने वेढे हलकेच चिमटायचे, पुन्हा बटण, पुन्हा बघणं. पोहे भिजले की नाहीत ते बोटाने चाचपणारी गृहिणी याहून कमी वेळ घेते.

त्यानंतर वात. इथे मराठी वाचकाला कोणी काही शिकवायची गरज नाही. समईची वात फार पिळून वळली तर तेल वर चढत नाही आणि ज्योत काजळी धरते, हे वाती वळणाऱ्या प्रत्येक आजीला माहीत असतं. ड्रिपरच्या कापसाचंही तेच. कॉइलमधून ओढताना तो जरासा अडला पाहिजे, पण त्याने वेढे वाकडे करता कामा नयेत. घट्ट बसला तर द्रव पोचत नाही, कोरडा कापूस जळतो आणि पुढच्या झुरक्याला घशात जळक्या बोळ्याची चव उतरते. सैल बसला तर वाटीत डबकं साचतं आणि झुरक्याऐवजी गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. टोकं कात्रीने कापून, विंचरून, पिसासारखी मोकळी करून वाटीच्या तळाशी टेकवायची. कॅलिफोर्नियातला दाढीवाला तरुण जपानी कापसाची वात विंचरण्यात गढलेला असतो, तेव्हा तो श्रावणात लक्षवातीचा संकल्प सोडलेल्या बाईचा सख्खा भाऊ असतो. फरक इतकाच, की तिच्या वातीने देवघर उजळतं.

आता कमी रोधाचं कौतुक. तेही आपल्याला परकं नाही. तारेच्या विजेच्या शेगडीची तार तुटली की घरातला कर्ता पुरुष दोन टोकं एकमेकांना पीळ देऊन जोडतो आणि शेगडी पहिल्यापेक्षा जास्त तापते म्हणून मिशीत हसतो. त्याने नकळत ओहमचा नियम वापरलेला असतो. तार एक दशांश आखूड झाली, रोध तेवढा घटला, वीजप्रवाह वाढला आणि हजार वॅटची शेगडी अकराशे वॅटची झाली. आठवड्याने ती पुन्हा तुटते, हा त्याच नियमाचा उत्तरार्ध. ड्रिपरवाले हेच काम मुद्दाम करतात. वरच्या कॉइलीत एकेकीचा रोध साधारण 0.6 ओहम भरतो. दोघी समांतर जोडल्या की 0.3. भरलेली बॅटरी 4.2 व्होल्ट देते, म्हणजे 14 अँपिअर प्रवाह आणि जवळपास 59 वॅट. जुना साठचा पिवळा बल्ब ओठांशी धरल्यासारखं. एवढ्यावर जो थांबतो तो शहाणा. जो रोध आणखी निम्म्यावर आणतो, त्याला 28 अँपिअर लागतात आणि 18650 जातीची (18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे आकार नळकांड्याचा) चांगल्यातली चांगली बॅटरीसुद्धा सलग वीस-पंचवीस अँपिअरच्या पुढे सहसा सुरक्षित नसते. त्यातून उपकरण निव्वळ यांत्रिक, आत रक्षण करणारं सर्किट नाही, असं असेल तर चुकीचा हिशेब थेट तोंडासमोर तपासला जातो. 2018 साली फ्लोरिडात आणि 2019 साली टेक्ससमध्ये उपकरणं फुटून माणसं मेली आहेत, तेव्हा इथे विनोद थांबवलेला बरा. ओहमने 1827 साली आपला नियम पुस्तकात मांडला, तेव्हा जर्मनीत त्याची फारशी कदर झाली नाही आणि त्याने कोलोनची शिक्षकाची नोकरी सोडली. आपल्यामागे एक वर्ग असा निघेल, जो परीक्षेसाठी नव्हे तर दात शाबूत राहावेत म्हणून हा नियम पाठ करेल, हे त्या बिचाऱ्याला कळायला हवं होतं.

कोणी म्हणेल, हा सगळा खटाटोप निकोटीनसाठीच चाललाय, सरंजाम हे निमित्त. मला उलट दिसतं. छोट्या, जास्त रोधाच्या उपकरणांत मिलिलिटरमागे 12 ते 18 मिलिग्रॅम निकोटीनचा द्रव चालायचा. ड्रिपरवाला 3 वर येतो. यावर जाणता वाचक अडवेल, की वाफ जास्त असल्याने एकूण हिशेब तोच होत असणार. मान्य. पण त्यांच्यात शून्य निकोटीनवर आलेलेही आहेत, त्यांचं काय? त्यांच्या द्रवात ग्लिसरीन असतं, प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, आंब्याचा नाहीतर कस्टर्डचा वास असतो आणि ज्याच्यासाठी घर सोडलं होतं तेच नसतं. तरी ते ड्रिल मशीनला तार लावून जाड तारेवर बारीक तार गुंडाळत असतात. अशा तारेला गिटारवादकाच्या नावावरून ‘क्लॅप्टन’ म्हणतात, कारण ती गिटारच्या जाड तारेसारखी दिसते. काही कॉइली तर इतक्या देखण्या होतात, की त्यांचा फक्त फोटो निघतो. म्हणजे निकोटीन गेलं, झुरकाही गेला, चिमटा राहिला. आता व्यसन कशाचं होतं ते सांगा.

दुसरा आक्षेप पैशाचा. तार स्वस्त पडते, हे खरं. दोन कॉइलींना पायांसकट अठरा सेंटिमीटरच्या आसपास तार लागते, म्हणजे दहा मीटरच्या रिळात पन्नासहून जास्त जोड्या होतात. आठवड्याला जोडी बदलली तरी वर्ष निघतं. पण वर्षभर एकच रीळ पुरवणारा माणूस या छंदात टिकतच नाही. त्याच्याकडे निक्रोम येतं, स्टेनलेस स्टील येतं, चार गेज येतात, मीटर येतो, मीटर तपासायला दुसरा मीटर येतो. तिसरा आक्षेप कचऱ्याचा आणि तो मात्र वजनदार आहे. वापरून फेकायच्या उपकरणाबरोबर अख्खी लिथियम बॅटरी कचऱ्यात जाते. ब्रिटनने 1 जून 2025 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती काही उगाच नाही. ड्रिपरवाल्याचा कचरा म्हणजे चिमूटभर तार आणि कापसाचा बोळा. हा मुद्दा त्यांना पूर्ण गुणांनी द्यावा. चौथा आक्षेप तब्येतीचा : सिगारेटपेक्षा हे बरं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने 2015 साली तसं म्हटलं होतं आणि त्या दाव्यावरून तज्ज्ञांत वादही झाला. पण सिगारेट सोडायला साधं, कमी ताकदीचं उपकरण पुरतं. त्यासाठी 0.3 ओहम लागत नाही. आणि तापवलेल्या कोरड्या वातीतून फॉर्माल्डिहाइड निघतं, ते काही कारागिराचं कौशल्य बघून सवलत देत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानेच मिटवला आहे. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद केली. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा हे सगळं आपण वाचावं आणि हसावं. पण हसताना एवढं कबूल करावं, की त्या मंडळींची कारागिरी खरी आहे. इतकं मोजमाप, इतका संयम, इतकी हाताची सफाई, आणि हाती येतं काय, तर दहा सेकंदांत विरणारा ढग. ज्यांना सिगारेट सोडायची आहे त्यांनी निकोटीनचा पर्याय शोधण्याआधी हातांना काम शोधावं : विणकाम, बोन्साय, घड्याळदुरुस्ती, वाती वळणं. अडकित्ताही चालेल, सुपारी न खाता नुसती कातरून दुसऱ्याला देता येते. आणि ज्यांना तारच वळायची आहे, त्यांच्यासाठी घरोघरच्या माळ्यावर तुटक्या शेगड्या वाट बघत पडल्या आहेत. जोडाजोड न करता पूर्ण लांबीची नवी तार बसवा, म्हणजे टिकेल. फक्त हात लावायच्या आधी प्लग काढा.