हाफवाले काका

हाफवाले काका शर्यतीत धावायला जातात असं म्हणणं तितकंसं खरं नाही. ते तक्रार करायला जातात. वाटेत एकवीस किलोमीटर लागतात. एकवीस किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर, असं ते लगेच दुरुस्त करतील, आणि 'साडे'वर जरा जोर देतील.

हल्ली असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. पन्नाशीनंतर डॉक्टर 'चाला' म्हणतात, चालता चालता कुणीतरी नादी लावतं, आणि एक दिवस पहाटे पावणेचारला लिफ्टमध्ये अर्ध्या चड्डीतला गृहस्थ मांड्यांना व्हॅसलीन चोळताना दूधवाल्याला दिसतो. आमच्या कोथरूडच्या काकांचं वैशिष्ट्य इतकंच, की ते बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर हिरव्या शाईने दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केल्या. निवृत्तीनंतर ती नजर जाणार कुठे? मॅरेथॉनवाल्यांनी तिची सोय केली.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, तेव्हा मॅरेथॉन म्हणजे डिसेंबरातला एक रविवार. मुंबईची २००४ साली आली, तिने पुढे जानेवारीतला एक घेतला. आता रविवार शिल्लक नाहीत. बिल्डर, इस्पितळं, पतसंस्था, पुढची निवडणूक लढवायचं मनात असलेले दादा, ज्याला ज्याला चार तास रस्ता अडवता येतो तो मॅरेथॉन भरवतो. तीन किलोमीटर चालून सेल्फी काढण्यालाही मॅरेथॉनच म्हणतात. काकांचा पहिला आक्षेप इथूनच सुरू होतो, पण त्यांना तो फार वेळ धरून ठेवता येत नाही, कारण तोवर 'अर्ली बर्ड'ची मुदत संपत आलेली असते.

पैसे भरताना दुसरा आक्षेप. फी, फीवर जीएसटी आणि शेवटी 'कन्व्हीनियन्स फी'. "माझ्या घरी बसून, माझ्या नेटवर, माझ्या बोटांनी माझंच नाव मी टाइप केलं. यात सोय कुणाची झाली, आणि पैसे कुणी कुणाला द्यायचे?" हे ते ओटीपी टाकता टाकता विचारतात.

खरी गंमत शर्यतीच्या आदल्या दिवशी. छातीवर लावायचा नंबर, म्हणजे बिब, आणायला शनिवारी एक्स्पोला जावं लागतं, आणि एक्स्पो खराडीला. कोथरूडहून शनिवारी संध्याकाळी खराडीला जाणं काय असतं ते पुणेकराला सांगायला नको. काकांच्या मते हाफपेक्षा पाय त्यातच जास्त दुखतात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. बिबचं टेबल मांडवाच्या पार शेवटी होतं. तिथवर पोचायला प्रोटीन पावडर, मुदत ठेवी, टू-बीएचके आणि मालिशचं तेल यांच्यामधून जावं लागतं. बिब घरपोच पाठवता आला असता, पण मग ही माणसं या टेबलांसमोरून कशी गेली असती? गुडघ्यांच्या दवाखान्याच्या स्टॉलवरची मुलगी म्हणाली, "सर, गुडघे दुखतात का?" काका ताठ मानेने म्हणाले, "अजिबात नाही." ती गोड हसून म्हणाली, "दुखतील," आणि हातात कार्ड ठेवलं.

टी-शर्टच्या टेबलाशी गाडं अडलं. एम साइज संपले होते.

"एक्सएल घ्या ना काका. सैल बरा असतो पळायला."

"मी जूनमध्ये फॉर्मवर एम लिहिलं होतं."

"हो काका, पण ज्यांनी एक्सएल लिहिलं होतं ते आधी आले."

"मग त्यांनी एक्सएल न्यायचा!"

"ते मिसेससाठी एम घेऊन गेले."

या उत्तरात ऑडिटच्या दृष्टीने सगळंच चूक होतं, पण बोट कुठे ठेवावं तेच काकांना सुचेना. एक्सएल घेऊन बाहेर आले. पाठीवर प्रायोजकांची नावं इतकी, की मागून पळणाऱ्याचा एखादा किलोमीटर नुसत्या वाचनात निघावा.

घरी डायनिंग टेबलावर 'गुडी बॅग' उलटी करण्याचा विधी होतो. ग्लुकोजचं पाकीट, शाम्पूची पुडी, रूट कॅनालवर वीस टक्के सूट, कुठल्याशा एनए प्लॉटचं रंगीत पत्रक आणि सेफ्टी पिना. पिना काका मोजतात. तीन. "बिबला कोपरे चार, पिना तीन. म्हणजे आयोजकाने बिब कधी पाहिलेलाच नाही." काकू काही बोलत नाहीत. डाव्या हाताच्या बांगडीत अडकवलेली पिन काढून टेबलावर ठेवतात आणि कुकर लावायला जातात. दर शर्यतीला काकूंची एक पिन जाते, आणि तिची नोंद काकांच्या कुठल्याच तक्रारीत नसते.

रविवारी सुटायची वेळ साडेपाच. साडेपाचला स्टेजवर झुंबा चालू असतो. साताठ हजार माणसं 'झिंगाट'वर हात वर करतात, ज्यांना करायचं नाही तेही करतात, कारण हात खाली ठेवायला जागा नसते. सात-आठ फिरत्या संडासांसमोरची रांग तशीच उभी असते. प्रमुख पाहुणे यायचे असतात. काकांना याचाही इतिहास पाठ आहे. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. त्यात जे ४२.१९५ किलोमीटर भरले, तेच अंतर पुढे १९२१ साली कायम झालं. मी म्हटलं, "म्हणजे पाहुण्यांची सोय बघूनच मॅरेथॉन घडली की!" काका म्हणाले, "घडली. पण ते पाहुणे वेळेवर आले होते."

झेंडा सहा वाजून गेल्यावर पडतो. इथे मात्र मी हसणं थांबवून काकांच्या बाजूला येतो. अर्धा-पाऊण तास उशीर म्हणजे शेवटचे पाच किलोमीटर उन्हात, आणि ते ऊन पाहुण्यांना लागत नाही; ते तोवर दुसऱ्या उद्घाटनाला गेलेले असतात. बाराव्या किलोमीटरला टेबल असतं, टेबलावर चादर असते, चादरीवर प्रायोजकाचं नाव असतं, पाणी तेवढं नसतं. पुढे गेलेल्यांनी बाटलीतला एक घोट घेऊन उरलेली बाटली रस्त्यावर टाकलेली असते. पुलापाशी वाहतूक सोडून दिलेली असते, त्यामुळे काका एका बाजूला पीएमपीची बस आणि दुसऱ्या बाजूला चार-चारच्या रांगेत चालणारं तीन किलोमीटरवालं कुटुंब यांच्यामधून निघतात. कोपऱ्यावरचा चहावाला आस्थेने सांगतो, "सावकाश जावा काका, पहिला नंबर कधीच गेला."

अंतर हा काकांचा हळवा विषय. एका शर्यतीत त्यांच्या घड्याळाने शेवटी २०.६ दाखवलं. लोक म्हणतात, जीपीएस आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. काकांनी तेही वाचलंय. रस्ता मोजण्याची मान्य पद्धत सायकलची आहे. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवतात, ते चाकाचे फेरे मोजतं. आधी पोलादी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर ती सायकल चालवून पारखून घेतात, मग वळणांच्या आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखत, जवळात जवळच्या रेषेने सगळा मार्ग काढतात. वर हजार मीटरला एक मीटर वाढवून ठेवतात, म्हणजे शर्यत कमी भरायला नको. धावणारा काही इतका कडेने पळत नाही, म्हणून घड्याळात सहसा थोडं जास्तच येतं. "जास्त आलं तर दोष माझा असू शकतो," काका बोट उचलून सांगतात, "इतकं कमी आलं तर दोष त्यांचाच." हे बोलणं बिनतोड आहे. त्याच जोरावर त्यांनी शर्यत संपल्यावर लाल टी-शर्टातल्या एका स्वयंसेवकाला गाठून विचारलं, "तुमच्याकडे जोन्स काउंटर आहे का?"

तो म्हणाला, "काउंटर सगळे तिकडे, केळ्यांच्या शेजारी. जोन्सचं माहीत नाही, विचारून बघा."

मागाहून कळलं की मार्ग आयोजकांच्या मेहुण्याच्या बोलेरोवर मोजला होता.

काकांना मँचेस्टरचा फार आधार वाटतो. तिथल्या मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं ३८० मीटरने कमी भरला होता. ते २०१६ साली उघड झालं आणि हजारो धावकांच्या वेळा अधिकृत नोंदीतून बाद झाल्या. हजारो लोकांच्या मेहनतीवर पाणी पडल्याची ही गोष्ट काका डोळ्यांत आनंद आणून सांगतात. "बघा! तिकडे फेरमोजणी झाली!" आणि १९२० सालचं अँटवर्प तर त्यांच्या खास ठेवणीतलं. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी पळणारे शेतकरी दोराबजी टाटांनी पाहिले, त्यातून भारताचा संघ ऑलिंपिकला गेला, आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकमधली सगळ्यात लांब मॅरेथॉन. म्हणजे चौगुले आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त धावले.

काकूंनी आतून विचारलं, "मग त्यांनी तक्रार केली का हो?"

"त्यांनी कन्व्हीनियन्स फी भरली नव्हती," काका म्हणाले.

शर्यत संपल्यावर मेडल. हे आता चहाच्या बशीएवढं असतं आणि दरवर्षी वाढतं आहे. एकदा हाफची मेडलं संपली म्हणून काकांच्या गळ्यात दहा किलोमीटरचं घातलं आणि "खरं कुरियरने पाठवतो" म्हणाले. ते अजून वाटेत आहे. काकू मेडलं खोक्यात ठेवतात आणि फिती वेगळ्या काढतात. गॅलरीतला तोंडल्याचा वेल त्यांनीच बांधलाय. नायलॉनची फीत पावसात कुजत नाही, असं त्यांचं मत आहे. बिबच्या खालच्या कोपऱ्यातलं नाश्त्याचं कूपन फाडून काका उपम्याच्या रांगेत जातात तेव्हा उपमा संपलेला असतो. तीन किलोमीटरवाले आठच्या आत दुसऱ्यांदा घेऊन गेलेले असतात.

निकाल दुपारी मोबाइलवर येतो. मागच्या शर्यतीत काका 'महिला, १८ ते ३० वर्षे' या गटात आले, चौथे. आम्ही सोसायटीत दिवसभर हसत होतो. काका संतापले होते, पण कारण वेगळं होतं. बंदूक वाजल्यापासून धरतात ती गन टाइम, आणि चिप सुरुवातीच्या मॅटवरून गेल्यापासून धरतात ती नेट टाइम. गर्दीमुळे काकांना मॅटपर्यंत पोचायलाच सहा मिनिटं लागली होती. "नेट टाइम धरली असती," ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "तर मी तिसरा होतो!"

त्याच रात्री ते आयोजकांना मेल लिहितात. परिच्छेदांना क्रमांक, उपक्रमांक, सोबत घड्याळाचा स्क्रीनशॉट आणि तीन पिनांचा फोटो. मी एकदा विचारलं, "काका, इतका मनस्ताप कशाला? वेताळ टेकडी दहा मिनिटांवर आहे. तिथे फुकट पळता येतं, मोर दिसतात."

"पळतो की रोज," काका म्हणाले. "पण तिथे तक्रार कुणाकडे करायची?"

हे ते हसत म्हणाले, पण मी त्यांना शेवटच्या दोनशे मीटरला पाहिलंय. निवेदक त्यांचं नाव चुकीचं उच्चारतो, कठड्याला टेकलेली अनोळखी कॉलेजची पोरं "कम ऑन काका" म्हणून ओरडतात, आणि काका पोट आत घेऊन वेग वाढवतात. जो माणूस शाखेत शिरला की अख्खा स्टाफ नजर चुकवायचा, त्याच्यासाठी टाळ्या वाजताहेत. एवढ्यासाठी मी असतो तर एक्सएलसुद्धा घेतला असता.

आयोजकांनाही हे पक्कं ठाऊक आहे. त्यांच्यातले एक मला एका लग्नात भेटले. काकांचा विषय निघताच खुलले. "असेच रनर पाहिजेत हो! शिव्या देतात, पण फी पहिल्याच दिवशी भरतात. आणि चुका फुकटात काढून देतात. एजन्सीला सांगितलं तर लाखभर घेईल." मग त्या चुका दुरुस्त का नाही करत, असं मी विचारलं. ते गुलाबजाम तोंडात टाकून म्हणाले, "त्याला वेगळं बजेट लागतं."

मेलला उत्तर मात्र नेमाने येतं. आपल्या मोलाच्या सूचनांबद्दल आभार, आम्ही त्यांची गांभीर्याने दखल घेत आहोत, आणि पुढच्या शर्यतीसाठी सोबत १५ टक्के सवलतीचा कूपन कोड. परवा रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. आवाजात पहाटेचा उत्साह.

"तुमचंही नाव टाकलंय बरं का. कोड रात्री बारापर्यंतच चालतो, आणि पाच जणांच्या ग्रुपला आणखी दहा टक्के सुटतात. साइज एम लिहिलाय."

"अहो काका, मला एल लागतो!"

"मला ठाऊक आहे. पण मिळणार एक्सएल. एम लिहिलेला असला की भांडायला बरं पडतं."